मदत करते

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकटीस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद लिहिणार होते, पण हात थांबला. तो हक्क आता उरलाय की नाही, ते तूच ठरव.

इकडे सगळे ठीक. यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून कटिंग मशीनपाशी स्टूल घेऊन बसतात आणि मशीनशी भांडतात. परवा बाइंडिंगची खळ करपली. तू असतीस तर वास येताच ओरडली असतीस. भाऊजींची नोकरी नीट चालली असेल.

पुठ्ठेवाला येऊन गेला. त्याच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे. म्हणाला, "धाकट्या वहिनींनी बाजारामागे स्वतःची खोली घेतलीय. बाइंडिंगचं काम जोरात आहे. आणि पाचवा लागलाय." मी त्याला चहा विचारायलाही विसरले.

तू बाळंतपणाच्या भत्त्यासाठी अर्ज केलायस आणि कचेरीनं पाच वर्षांच्या कामाचा पुरावा मागितलाय, हेही त्यानंच सांगितलं. त्यातली पहिली तीन वर्षं तू आमच्या कारखान्यात होतीस. म्हणजे माझी सही लागणार. आणि तू ती मागायला येणार नाहीस.

गेल्या खेपेलाही असाच कागद माझ्याकडे आला होता. त्यावर विचारलं होतं, स्वतंत्र व्यवसाय करते, की घरच्यांना मदत करते? मी 'मदत करते'वर खूण केली. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, "घरातल्या बाईचं असंच लिहितात." वर सासूबाईंसमोर म्हणाले, "मी दोन्ही वेळेला नववा भरेपर्यंत खळ ढवळली. मला कुणी रजा दिली होती?" सासूबाई हसल्या. तू हसली नाहीस.

प्रश्न मला नीट कळला होता. तुझं टेबल वेगळं होतं, गिऱ्हाइकं वेगळी, सुई-दोराही तुझाच. वकिलांचा कारकून दारातूनच विचारायचा, "धाकट्या बाई आहेत का? त्यांनी शिवलेलं पुस्तक उघडून ठेवलं की उघडंच राहतं." माझी पुस्तकं आपोआप मिटायची. 'स्वतंत्र'वर खूण करायची म्हणजे हे माझ्याच हातानं कबूल करायचं. आणि खरं सांगू? जे मला मिळालं नाही ते तुला का मिळावं, असंही वाटलं होतं.

अर्ज फेटाळला. सातव्या महिन्यातही तू टेबलापाशी उभीच होतीस. मग तो शुक्रवार.

इथपर्यंत लिहून हे पत्र दोनदा फाडलं.

पुठ्ठ्यांचा गठ्ठा तू आपणहून उचललास, असं मी सगळ्यांना सांगितलं. "सांगून ऐकते का ती," असंही म्हणाले. तू कधी खोडून काढलं नाहीस. तुम्ही दोघं घर सोडून गेलात, तेव्हासुद्धा नाही. मी काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. "मदत करतेस ना? मग आण तो गठ्ठा इकडे."

बाळ का गेलं ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या वाक्याच्या आडोशाला मी दोन वर्षं बसले. काल जेवताना सगळ्यांना खरं सांगितलं. हे ताटावरून उठले. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला उकरतेस?"

"गाडलं मीच होतं," म्हटलं.

सोबत सही केलेला कागद आहे. तीन वर्षं तू स्वतंत्र कारागीर म्हणून काम केलंस, असं त्यात लिहिलंय. जुन्या कागदावरची खूण नजरचुकीनं नव्हे, जाणूनबुजून केली होती, हेही लिहिलंय. कचेरीनं बोलावलं तर तोंडी सांगायला येईन. वकिलांच्या कारकुनालाही विचारलं. म्हणाला, "त्यांच्यासाठी कधीही."

माफी मागत नाही. मागितली की ती देण्याचं आणखी एक काम तुझ्या अंगावर पडेल.

भत्ता मिळाला की टेबल झाकून ठेव आणि बस. बसलेली दिसलीस की कुणीतरी म्हणेलच, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खरंच नव्हतं. म्हणूनच तू घे.

तीन वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर काम केलेली,
थोरली