कुसाबाईची मंगळावरची नागली

गंगापूर रोड, नाशिक
१४ जुलै २०२५

चि. चैताली,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी आणि माझा गुडघा. हरसूलला भाताची, नागलीची (आमच्या शहरी भाषेत नाचणीची) आवणी जोरात असेल, आणि तुझी आई शाळा सुटली की रोपं लावायला चिखलात उतरत असेल. आशाला म्हणावं, पेन्शनीत निघालीस, आता कंबर सांभाळ.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. वरचं अक्षर ओळखलं आणि दारातच उभ्याउभ्या ते फोडलं. दोन वर्षं तू एक ओळ लिहिली नव्हतीस. आशाला फोनवर विचारलं की ती म्हणायची, "नाय लिहीत आता. बी.एड.चा अभ्यास करते." मी 'बरं' म्हणायचे आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही. तू परत लिहायला लागलीस, जीव भांड्यात पडला बघ.

गोष्ट दोनदा वाचली. चंद्रावरची विहीर फक्कड आहे. फक्त तिथल्या थंडीत पाणी गोठेल, त्याची काहीतरी सोय कर. वाचक एक अशक्य गोष्ट खुशीनं मानतो, दुसरीला मात्र कपाळाला आठ्या घालतो.

पण शेवटच्या पानाखाली तू लिहिलंयस, "मावशी, गावाकडचं काही राहून गेलं असेल तर खोडून टाक." म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुझी पहिली गोष्ट आठव. मंगळावर काचेच्या घुमटाखालची शेती आणि तिथे नागली लावणारी कुसाबाई. बी टाकण्याआधी पालापाचोळा जाळून वाफा भाजायचा, राब करायचाच, हा तिचा हट्ट. घुमटात जाळ केला तर सगळ्यांचा ऑक्सिजन संपेल, हे साहेबांचं म्हणणं. "राब भाजल्याबिगर नागली धरत नाय, मंग मंगळ असो का हरसूल," हे तिचं वाक्य मला अजून पाठ आहे. तेच मी तुला काढायला लावलं. कुसाबाई गेली, तरुण शास्त्रज्ञ आला. नागली गेली, यान आलं. 'संपादकांना असंच हवंय,' असं मी तुला कळवलं.

चैताली, संपादक असं काही म्हणाले नव्हते. सोमनाथरावांनी तुझी मूळ गोष्ट पाहिलीच नव्हती. तू तपासायला म्हणून आधी माझ्याकडे पाठवलीस आणि ती माझ्याच कपाटात राहिली.

दिवाळी अंकाची चित्रं आम्ही चित्रकार पुष्कळदा गोष्ट हातात येण्याआधीच काढतो. छपाईची घाई असते, कुणीतरी फोनवर एका वाक्यात विषय सांगतं. तुझ्याकडून मला 'मंगळावरची गोष्ट' एवढंच कळलं होतं. मी हेल्मेटवाला देखणा तरुण आणि बारा खिडक्यांचं यान काढून, रंगवूनसुद्धा ठेवलं होतं. तेच यान मी तीस वर्षं काढते आहे, रंग तेवढा बदलते. मग तुझी गोष्ट आली. वाकून रोप लावणारी बाई काढून बघितली, चार कागद फाडले. पाठ जमेना, हात जमेनात. नाचता येईना, अंगण वाकडं. चित्र गोष्टीला बसेना, म्हणून मी गोष्टच चित्राला बसवली. ती छापून आली, कुणाच्या लक्षातही राहिली नाही, आणि तुला वाटलं आपल्याला लिहिताच येत नाही. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

काल मूळ गोष्ट घेऊन सोमनाथरावांकडे गेले आणि सगळं सांगितलं. रागावले, रागावणारच. मग तिथंच बसून त्यांनी ती वाचली, पुढ्यातला चहा गार झाला. म्हणाले, "ही या दिवाळीला छापू. पण आधी तिला विचारा." परतताना किती दिवसांनी मला हलकं वाटलं. वाटेत जिलबी घेतली. आशाला सांगू नकोस, साखरेवरून ओरडेल.

नवी गोष्ट सोबत परत पाठवते. एकही शब्द खोडलेला नाही, तूही खोडू नकोस. विहिरीवर बायका हरसूलसारख्या भांडतात, तशाच भांडू देत. चंद्रावर गेली म्हणून माणसं आपली बोली विसरत नसतात. आणि वहीत यंत्रं काढणारी तुझी ती मैत्रीण पूजा, तिला सांग, लोकांची यानं गिरवू नकोस. आधी शेतावरचा पंप उघडून बघ, तो काढ. त्यातूनच तुझं स्वतःचं यान निघेल. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

कुसाबाईचं चित्र मला काढायचंय. आवणी संपायच्या आत येऊन बांधावर बसेन, नीट बघेन, शंभर कागद फाडावे लागले तरी फाडेन. पण गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर पूजाला काढू दे. मी रुसणार नाही.

तुझी,
सरिता

('मावशी' मुद्दामच लिहिलं नाही. तुझं उत्तर येऊ दे, तू म्हणशील तर लिहीन.)