एकाग्रतेचा तक्ता

सोमवार, ३ जून. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये म्हणून इस्त्रीला द्यायच्या कपड्यांखाली ठेवणार. तिकडे या घरात कुणी फिरकत नाही.

आजपासून भिंगरीची शाळा घरी. शिक्षक मी. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय नऊ. दोन मिनिटं एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. शाळेचं म्हणणं, हिला पुन्हा दुसरीतच बसवू. अक्षरं जागेवर राहत नाहीत तिच्यासाठी. ब वाचायला घेतला की व होतो, द चा ढ होतो. त्यात दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी फिट आली, खाली पडली, हातपाय झाडले. तेव्हापासून बाई तिला दारापाशी बसवतात. का, तर उचलून न्यायला सोपं. मी तिथल्या तिथे म्हणालो, मुलगी काढतो. बायको म्हणाली, घरी जाऊन बोलू. घरी जाऊन बोललो. मुलगी काढली.

माझी पात्रता: कारखान्यात बावीस वर्षं टाइम-स्टडी. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि एक झाकण बसवायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहायचं. मार्चमध्ये नोकरी सोडली. कंपनीचंही तेच मत पडलं. चारशे कामगार सुधारले, एक मुलगी काय जड आहे?

२ ऑगस्टला डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. दोन वर्षं फिट नाही, तोवरही आली नाही तर औषध कमी करत आणू म्हणाल्यात. त्या औषधाने पोर पेंगते. टार्गेट: २ ऑगस्टला फिट शून्य, वाचन अस्खलित, औषध बंद व्हायच्या मार्गावर.

मंगळवार, ४ जून
८.०० औषध. ८.०५ वाचन. ८.०७ भिंगरी टेबलाखाली. ८.०९ मी टेबलाखाली. ८.३० दोघंही बाहेर, पुस्तक आत.

उद्यापासून टेबल भिंतीला लावणार.

गुरुवार, ६ जून
टेबल भिंतीला लावलं. आता ती खुर्चीवर उलटी बसते.

बायको पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून येते. संध्याकाळी मी अडचणी सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतल्या आणि सवयीने म्हणाली, नंबर घेतलाय, माणूस पाठवतो.

फ्रिजवर तिने एक वही टांगली आहे. फिटची वही. रोज लिहायचं, आली का, किती वाजता, किती वेळ. मी लिहिलं: शून्य.

सोमवार, १० जून. सकाळी ९.४०
आज इतिहास घडला. पान चारवरचं वाक्य वाचता वाचता भिंगरी एकदम थांबली. हालचाल बंद, नजर भिंतीवर एका ठिकाणी. मला वाटलं कंटाळली. पण नाही, चेहऱ्यावर विचार होता. सवयीने घड्याळ दाबलं: ९ सेकंद. या मुलीने, नऊ सेकंद!

मग एकदम भानावर आली. वाक्य कुठवर आलं होतं ते तिला आठवेना. खोल विचारातून वर आल्यावर माणसाचं असंच होतं. मलाही मीटिंगमध्ये व्हायचं.

दुपारी मोठा कागद आणून तक्ता आखला. शीर्षक: एकाग्रता. रकाने: तारीख, वेळ, सेकंद, आधी काय चाललं होतं, शेरा. प्रत्येक वेळेला एक चंदेरी चांदणी बक्षीस.

शुक्रवार, १४ जून
पाच दिवसांत २३ वेळा. सरासरी ११ सेकंद. कारखान्यात अशी वाढ दाखवली असती तर मला साहेबांनी खांद्यावर घेतलं असतं.

चांदणी दिली की भिंगरी विचारते, बाबा, मी काय केलं? विनय आहे पोरीत. माझ्यावर गेली आहे.

फिटची वही: शून्य.

बुधवार, १९ जून
अक्का येऊन गेली. माझी थोरली बहीण, तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त. अर्धा तास भिंगरीशी पत्ते खेळली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, पोरगी मधेच हरवते रे, पापण्या बघ कशा फडफडतात. मी तिला तक्ता दाखवला. तिने रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, डॉक्टरांना दाखव हो हा. मी म्हणालो, दाखवणारच आहे, त्यासाठीच तर केलाय.

कौतुक करताना तिचं तोंड एवढं का उतरलं होतं कळलं नाही. तीस वर्षांत तिला असा निकाल मिळाला नसेल. भाऊ असलो तरी थोडं खुपणारच.

पण निरीक्षण चांगलं आहे तिचं. शेऱ्याच्या रकान्यात 'पापण्या' वाढवलं.

मंगळवार, २५ जून
वाचन अजून पान चार. पण पान चारवर एकाग्रता जबरदस्त.

एक अडचण. एकाग्रता झाली की मी आधी शिकवलेलं पुन्हा शिकवावं लागतं. आज 'माझे घर' सहा वेळा शिकवलं. सातव्या वेळी आवाज चढला. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुम्ही सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, खोटं बोलायचं नाही. मग फार वाईट वाटलं. दोन चांदण्या जास्त दिल्या. त्या तक्त्यात धरलेल्या नाहीत, हिशेब चोख हवा.

सोमवार, १ जुलै
जेवतानाही! चमचा हवेत, नजर भिंतीवर, ओठ हलताहेत, जणू पाढे म्हणते आहे. १२ सेकंद. आमटी सांडली. बायकोने दोनदा हाक मारली, मी खुणेने तिला गप्प केलं.

बायको म्हणाली, हिला बरं नाहीये का? मी म्हणालो, मनात उजळणी चालली आहे. खिडकीवर एखाद्याने नळाला पाण्याऐवजी वारा येतो म्हटल्यावर ती बघत असेल, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

फिटची वही: शून्य. बायको म्हणाली, नक्की? मी म्हणालो, दिवसभर घरात कोण असतं?

मंगळवार, ९ जुलै
जून: ७४. जुलैच्या नऊ दिवसांतच ५८. आलेख काढला. रेघ इतकी वर चालली आहे की कागद जोडावा लागला.

भाग्यवान आहे मी. एवढं कष्टाचं फळ डोळ्यांसमोर दिसणं सगळ्या बापांच्या नशिबात नसतं.

बुधवार, १७ जुलै. दुपारी १.१५
भाजी घ्यायला दोघं निघालो होतो. रस्ता ओलांडताना बरोबर मधोमध भिंगरी उभी राहिली. एकाग्र. स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारला. तिचा हात माझ्या हातात होता म्हणून. नसता तर, ते लिहायचं नाही.

मी स्कूटरवाल्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, पोरगीला काय होतंय बघा आधी. मी म्हणालो, तिला काही होत नाही, ती विचार करते आहे. तो निघून गेला. भिंगरी म्हणाली, बाबा, ओरडताय का, कुठे होती स्कूटर?

नवा नियम: रस्त्यावर एकाग्रता बंद. तिला तीनदा बजावलं. ती म्हणाली, बरं, पण कशी बंद करू? तिला घेऊन तसाच घरी परतलो. भाजी राहिलीच.

तक्त्यात लिहिलं: १२.२०, अंदाजे ८ सेकंद. अंदाजे, कारण घड्याळ दाबायचं राहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २६ जुलै
तक्ता फेअर केला. चार रंगांत. डॉक्टरीणबाई तोंडात बोटं घालतील. छापायला मागितलाच तर वरती माझं नाव कसं टाकायचं याचाही विचार करून ठेवला आहे.

शुक्रवार, २ ऑगस्ट. संध्याकाळी ६.३०
जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी फिटची वही उघडली. सगळीकडे शून्य. छान, म्हणाल्या, आणि औषध कमी करायचं लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मी तक्त्याची गुंडाळी त्यांच्या टेबलावर पसरली. म्हणालो, याचाही विचार व्हावा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. एकेक ओळ वाचली. मग विचारलं, पापण्या फडफडतात? म्हणालो, दर वेळी. ओठ हलतात? हो. हाक मारली तर? अजिबात लक्ष नाही, मी म्हणालो, एवढी तल्लीन. आणि नंतर तिला काही आठवत नाही? काही म्हणजे काही नाही, मी म्हणालो. तोवर मी हसत होतो. बायको हसत नव्हती.

मग त्यांनी भिंगरीसमोर एक टिश्यूपेपर धरला आणि सांगितलं, यावर जोरजोरात फुंकर घालत राहायची. दीड मिनिट झालं असेल. भिंगरी थांबली. नजर भिंतीवर. पापण्या. मी सवयीने घड्याळ दाबलं आणि म्हणालो, बघा, लागली.

चौदा सेकंद.

याही फिटच असतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोरजोरात फुंकलं की हमखास येतात. पडत नाहीत, झाडत नाहीत, नुसत्या चालू दिवसातून काही सेकंद कापून नेतात. तुमची मुलगी शिकत नव्हती असं नाही, ती तेवढा वेळ तिथे नव्हतीच. अक्षरांची अडचण आहे ती आहेच, त्यासाठी शिकवणाऱ्या वेगळ्या बाई हव्यात. औषध कमी नाही, बदलायचं. वायर लावून मेंदूचा आलेखही काढायचा.

मग त्या म्हणाल्या, इतकी बारीक नोंद मी आजवर पाहिलेली नाही. तक्त्याची झेरॉक्स काढून घेतली. मला त्यांचे आभार मानायचे होते, मी तक्त्याची गुंडाळी करत बसलो.

एकूण दोनशे एकसष्ट वेळा झालं. दोनशे एकसष्ट वेळा मी बाजूला उभा राहून घड्याळ बघत होतो.

शनिवार, ३ ऑगस्ट
एका अर्थी पद्धत बरोबरच होती. फक्त शीर्षक चुकलं.

हे बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, नंबर घेतलाय. मग म्हणाली, आणि ती रोजनिशी इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवू नका, गेल्या महिन्यात वाचताना तिच्यावर आमटीचा डाग मीच पाडलाय.

अक्काला फोन केला. मंगळवार-शुक्रवार येऊन वाचन घेशील का, विचारलं. सोमवारपासूनच येते म्हणाली.

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ११.२०
नवीन गोळी सुरू. अक्का आतल्या खोलीत भिंगरीला पाटीवर वाळू पसरून बोटाने ब काढायला शिकवते आहे. मला आत यायला बंदी. माझं काम: वेळ लिहिणे. तक्त्यावरचं 'एकाग्रता' खोडून 'फिट' लिहिलं. हाताला फार वेळ लागला. मोजला नाही.

मधल्या सुट्टीत भिंगरी चांदण्यांचा डबा घेऊन आली. विचारलं, बाबा, या परत द्यायच्या का? मी म्हणालो, नाही, तुझ्याच आहेत. मग एक चांदणी काढून तिने माझ्या घड्याळाच्या काचेवर चिकटवली. आता सेकंदकाटा दिसत नाही.

ही कशाबद्दल, मी विचारलं. मी काय केलं?

म्हणाली, काय माहीत, मलाही कधी कळायचं नाही. आणि पळाली.