कुकरची रिंग आणि काकांचा ओव्हन

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
८ एप्रिल २०२५

चि. सुमेध यास अ. आ.

फोनवर तू ‘हं, हं’ करून मला कटवतोस, म्हणून ही लेखी तक्रार तुझ्याकडे कामाला येणाऱ्या आमच्या पिंकीच्या डब्याच्या पिशवीतून पाठवतो आहे. विषय: आमच्या कुकरची रिंग. शिमग्याला ती तुझ्या रबराच्या कारखान्यात तपासणीसाठी गेली, तेव्हापासून या घरात भात पातेल्यात शिजतो आणि खाली लागतो. नवी आणू म्हटले, तर आमची ही लेक म्हणाली, थांबा, काका म्हणाले, आधी जुनीचा निकाल लागू दे.

काका म्हणाले! हल्ली आमच्याकडे हेच वेदवाक्य. कृत्रिम रबर तापून तापून कडक होते, ताण सोसून त्याला भेगा पडतात, हे मी रोज जेवताना ऐकतो. हीच मुलगी लहानपणी झोपताना माझ्याकडे सुभाषिते मागायची. तुझी वहिनी जयवंती म्हणते, तुम्हाला मत्सर होतो. मी तिला मत्सर शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो, तर ती उठून गेली.

लेकीचा लोभ सध्या सगळा तुझ्या वाट्याला आहे; त्यातला थोडा इकडे पाठवावा.

तुझा,
विलासदादा


कामण
१० एप्रिल २०२५

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

जुन्या रिंगचे आम्ही तुकडे केले. नवी पाठवली आहे, वहिनीला दे.

दादा, आम्ही रबराची पट्टी ओव्हनमध्ये तापवायचो, निवली की यंत्रावर ताणायचो. पास झाली की माल रवाना. पिंकी म्हणाली, “काका, कुकरची रिंग तापते तेव्हाच दाबलेलीही असते. तुम्ही दोन्ही वेगवेगळं का तपासता?” तिने रबराच्या चकत्या पोलादी पट्ट्यांमध्ये आवळून ओव्हनमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सोडवल्या, तर चपट्याच राहिल्या; असं रबर गळणारच. आमचा पास झालेला माल! इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे सुचलं नव्हतं. जरा खुपलंच.

ज्यांच्यासाठी तो माल होता, त्या चाकणच्या कंपनीने तिची ही चाचणी पाहून तिला नोकरी देऊ केली आहे. जूनपासून, तिकडेच राहायचं. तुला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मी टाळत होतो. रागावू नकोस.

तुझा,
सुमेध


मनवेलपाडा
१२ एप्रिल २०२५

चि. सुमेध यास अ. आ.

पत्र पोचले. पिंकीशी अजून बोललो नाही. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी वर्तमानपत्राकडे.

राग आला, हे लपवत नाही. वह्यांना कव्हरे मी घातली, परीक्षेला मी सोडले, केंद्राबाहेर उन्हात मी उभा राहिलो, आणि गुपित गेले कामणला. जयवंतीने एवढेच विचारले, तुम्हाला आधी सांगितले असते, तर काय म्हणाला असतात?

रविवारी ये. लोभ तिच्यावर करतोस तेवढा नको, पण असू दे.

दादा

ता. क. मी नाही म्हणेन, याची मला भीती वाटते. आणि ती माझे ऐकेल, याची त्याहून जास्त.