खाडीपुरतं शहाणपण

अंधेरी,
ता. ९ नोव्हेंबर १९८६

सौ. मंजुळाताईस,
विद्याधरचा शि. सा. न. वि. वि.

वर्कशॉपमधून सुटका नाही, म्हणून माहुलला यायच्या ऐवजी पत्र टाकतो. अनंताभावजींच्या होडीवर बसवलेली माझी विंच खाडीत आठ दिवस झकास चालली ना? लाटेनं होडी उचलली की दोराचा ताण वाढतो. तो ओळखून ती आपणहून दोर सैल सोडते, मग पुन्हा जाळं ओढू लागते. भावजी तिला ‘विद्याधरची बायको’ म्हणतात, कळलं मला.

एक मात्र त्यांना नीट वाचून दाखव. तिला अजून खाडीच्याच लाटा ठाऊक आहेत. खोल समुद्रासाठी तिचा हिशेब बदलायला मला महिना लागेल. तोवर बाहेर जाताना बटण बंद ठेवून जाळं हातानंच ओढावं.

सासूबाईंना नमस्कार. लोभ आहेच, सोबत सुके बोंबीलही असू देत.

तुझा,
विद्याधर

अंधेरी,
ता. ३० नोव्हेंबर १९८६

ताई,

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं कळेना. नुसतं नाव लिहिलं. भावजींच्या दहाव्याला माहुलच्या बंदरापर्यंत आलो होतो. तुझ्या सासूबाई दिसल्या आणि माघारी फिरलो.

त्या दिवशी होडीवर असलेला हरेश्वर भेटला. म्हणाला, बाहेर दोन्ही बाजूंनी लाटा आल्या, विंच गोंधळली, भलताच दोर सोडला. त्याचा वेढा भावजींच्या पायात पडला आणि जाळ्यानं त्यांना खाली नेलं. बटण चालूच होतं. ते माणसावर सोडलं हीच माझी चूक. अनोळखी लाट आली तर यंत्रानं आपणहून थांबायला हवं, हे मला सुचलं नाही.

हे काम मी सोडलं. क्षमा मागायला तोंड नाही.

विद्याधर

माहुल,
ता. ५ डिसेंबर १९८६

चि. विद्याधर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं आधीचं पत्र वेळेवर आलं होतं. यांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. बटणाचं तेवढं गाळलं. पापलेटाचे दिवस होते, हातानं ओढून यांचे खांदे सुजायचे. वाटलं, माझा भाऊ लहानपणापासून भित्राच. तुझं काम सोडू नकोस रे. तुझ्या हातून काही चुकलं नाही.

इतके दिवस सासूबाई तुझ्या नावानं बोटं मोडत होत्या आणि मी गप्प भाकऱ्या थापत होते. काल जेवायला बसताना त्यांना सगळं सांगितलं. उठल्या आणि माझ्या ताटातला भात परत टोपात ओतला.

मला न्यायला ये. माया उरली असेल तर ये, नसली तरी ये.

तुझी,
ताई