अक्कांचा संध्याकाळचा कॉल

४ मे
आलो एकदाचे बेंगळुरात, मल्लेश्वरमला! सामान माडीवर चढवताना हमालांपेक्षा मीच जास्त ओरडलो, असं प्रमोदिनीचं म्हणणं. घर झकास आहे. खाली मालक हयवदनराव आणि अनुसूयाअक्का, वर आम्ही दोघं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, पण घरात मराठी. 'स्वल्प थांबा, कॉफी आणतो' हयवदनराव म्हणाले आणि पुढचं वाक्य अर्ध्यावरच कानडीत शिरलं. मुलगा वादिराज अमेरिकेत असतो, असं अक्का म्हणाल्या. हयवदनराव तेवढ्यात उठून आत गेले.

निवृत्तीनंतर इथल्या कंपनीत हे सल्लागाराचं काम मिळालं, तेही बरंचसं घरबसल्या. हिनं पुणं सोडताना एका शब्दानं कुरकुर केली नाही. मूलबाळ नाही आम्हाला; तिला मी आणि मला ती. तिचं मन इथं रमलं की मी जिंकलो.

७ मे
दिवेलागणीला लाइट गेले. रोजच जातात म्हणे. जाऊ देत की! टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलाय मी. पूर येवो, वीज पडो, एक्स्चेंज बंद पडता कामा नये, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. आज इन्व्हर्टर बसवला. त्यावर कॉम्प्युटर, राउटर, एक दिवा, एक पंखा, बस्स. फ्रिज त्यावर लावायचा नाही हे हिला पुन्हा पुन्हा बजावलं, तर म्हणाली, मी काय तुमची ज्युनियर इंजिनियर आहे का?

खालीही जोडून देतो म्हटलं, तर हयवदनरावांनी माझं मनगट धरलं. बेड, पद्माकरराव, बेड. कानडीत बेड म्हणजे नको, आणि नको म्हणजे नकोच. भलतेच हट्टी दिसतात.

११ मे
दुपारी अक्का वर येऊन हिच्यापाशी रडल्या. वादिराज रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करतो. 'आई, निघालोय' एवढं बोलतो न बोलतो तोच लाइट जातात आणि पडदा काळा. लेकराचं तोंड पोटभर पाहायला मिळत नाही, म्हणाल्या. हिचेही डोळे भरून आले. मग माझ्याच्यानं कसं राहवेल? हयवदनराव बँकेत गेले होते, तेवढ्यात माझ्या इन्व्हर्टरवरून एक वायर जिन्याच्या खिडकीतून खाली सोडली आणि अक्कांचा कॉम्प्युटर तिच्यावर घेतला. इंटरनेटही माझ्या राउटरवरून दिलं. अक्कांनी माझ्या टकलावरून मायेनं हात फिरवला. या वयात! बरं वाटलं मात्र.

१२ मे
लाइट गेले आणि कॉल तुटला नाही! अक्कांचं हसणं वरपर्यंत ऐकू आलं. प्रमोदिनी खाली जाऊन पोराशी बोलूनही आली. भारी गोड आहे म्हणे, तिला लगेच मावशी म्हणाला. चालता चालता बोलत होता. मागे विमानतळाचा मोठा रस्ता आणि कानडी पाट्या. म्हणजे बेंगळुरात आलाय की काय? आणि एवढ्या लांबून चालत?

एक गोष्ट खटकली. लाइट गेले तेव्हा मी गॅलरीत होतो. समोरच्या घरात टीव्ही चालू होता, रस्त्यावरचे दिवेही होते. लाइट फक्त आमच्याच घरातले गेले.

१३ मे
आज ही आधीपासूनच खाली जाऊन बसली. तो विमानतळाकडून इकडे येताना लागणाऱ्या हेब्बाळच्या पुलावर होता. चालतच.

लाइट का गेले ते बघायला मी जिन्याखाली उतरलो. मेन स्विचपाशी हयवदनराव उभे, खटका त्यांच्याच हातानं खाली पाडलेला. आणि आतून अक्कांचं बोलणं चालूच. त्यांनी माझी वायर पाहिली, बोटानं जिन्याच्या खिडकीपर्यंत तिचा माग काढला.

मग सांगितलं. वादिराज गेला. कैक वर्षं झाली. अमेरिकेहून आला, विमानतळावरून आईला कॉल लावला, 'आई, निघालोय' म्हणाला आणि त्याच रस्त्यावर गाडी उलटली. अस्थी यांनी स्वतः श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडल्या, पण अक्कांनी ते कधी मानलंच नाही. पुढे कॉल यायला लागला. तेच वाक्य, आणि मग तो चालायला लागतो. कॉम्प्युटर फोडला तर शेजारणीच्या फोनवर आला, म्हणून नवा आणावा लागला. उपाय एकच सापडला, त्यानं पहिलं पाऊल टाकायच्या आत वीज तोडायची. इतकी वर्षं त्यांनी त्याला जागचं हलू दिलं नव्हतं. एकदा का चालू लागला, मग वीज असो नसो, थांबत नाही. पद्माकरराव, काय केलंत हे, एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पक्कड घेऊन वायर तोडली. 

१४ मे
वायर नाही. प्लगही काढलेला. तरी पडदा चालू! तो इथल्याच संपिगे रोडवर पोचलाय. हिला दंडाला धरून वर आणलं. खरं काय ते सांगितलं, तर खूप भांडली. वेड लागलंय तुम्हाला, म्हणाली. लागलं असतं तर बरं.

१५ मे
अक्का गेल्या. खुर्चीतच. दार सताड उघडं, फाटकही उघडं. चेहरा हसरा — तोच बघवत नाही.

माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे?

१७ मे
मला वाटलं होतं संपलं. आज हिच्या फोनवर आला. फाटकासमोर उभा, शेजारी अक्का. दोघं हसतायत. हिला मावशी नाही म्हणाला. आई म्हणाला.

फोन हिसकावून बादलीत बुडवला. ही ढसाढसा रडली. जन्मात एकदा कुणी हाक मारली हो, ती तरी ऐकू द्यायची होतीत, म्हणाली. उद्या पुण्याला निघतो. सामान गेलं खड्ड्यात.

१८ मे
वादळ. झाडं आडवी झालीत, रिक्षा नाही, टॅक्सी नाही. सगळीकडे अंधार, आज खरा. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीच्या तारा काढल्या, राउटर दगडानं फोडला. रेंजही गेली. काही म्हणजे काही चालू नाही. देवा, असंच राहू दे. हिचा हात धरून बसलोय —

लिहायला सोडला फक्त, एवढ्या ओळीपुरता —

कॉम्प्युटर लागलाय.

प्रमोदिनी कुठाय

२० मे
फाटकापाशी सापडली. पायात चपला नव्हत्या. काल सगळं उरकलं. हयवदनराव स्मशानात आले होते. म्हणाले, आता तिचा कॉल येईल. खटक्यापाशी बसा. पहिलं पाऊल टाकायच्या आत पाडा. रोज.

रोज!

२१ मे
दिवेलागण. जिन्याखाली बसलोय. कॉम्प्युटर समोर, एक हात खटक्यावर —

आला. ती आहे. केस नीट विंचरलेत. फाटकाशीच उभी. वादिराजला यायला केवढा रस्ता होता. हिला फक्त अंगण —

जेवलात का, विचारते. हो म्हणालो. खोटं बोलता, म्हणाली. हसली —

निघालेय हं, म्हणाली. आता पाडायला हवा. आत्ता —

पाय उचलला. अनवाणीच आहे. अगं हळू, अंगणात अंधार आहे, पायरी —