खुर्चीची उंची

मंगळवार, तारीख नऊ
दुपार

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तू दोन प्रश्न विचारलेस. फोनवर कुणी फुफ्फुसांचा व्यायाम शिकवतं का, हा एक. आणि तू इकडे यावंस की नाही, हा दुसरा. आधी पहिल्याचं सांगतो.

शिकवतात, ताई! दर मंगळवारी सकाळी दहाला फोनवर इस्पितळातली एक पोरगी उगवते. ओठांचा चंबू करून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायला लावते, म्हणून मी तिला फुंकरबाई म्हणतो. मनातल्या मनात हं. फोन गोंदाच्या डब्याला टेकवायचा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावायचा आणि त्यावरचा आकडा तिला वाचून दाखवायचा. इस्पितळात जायचं म्हणजे दोन बस, पोचेपर्यंतच माझा जीव अर्धा व्हायचा. ते वाचलं. मला मात्र एकच कुतूहल, हिला तिकडून दिसतं तरी काय? एकदा म्हणाली, "काका, श्वास घेताना खांदे उचलताय." शर्टाच्या आतलं हललेलं दिसलं बघ तिला! मागच्या कपाटाचं दार वाकडं आहे, तेही सुताराच्या घरात, ते नाही दिसलं.

आणि खुर्ची नाही दिसली.

महिन्यातून एकदा ती परीक्षा घेते. हात न टेकता मिनिटभरात खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. पहिल्यांदा चौदा झाले, पुढच्या वेळी बारा. तिने नुसतं लिहून घेतलं. मला नापास झाल्यासारखं वाटलं. मग माझं सुताराचं डोकं चाललं. खुर्ची उंच तर गुडघ्यांना कष्ट कमी, दमही कमी. चारही पायांना तीन-तीन इंचांचे ठोकळे बसवले, वर पॉलिशही जुळवलं. गेल्या महिन्यात एकोणीस! पोरीने टाळ्या वाजवल्या. मी फुशारून तुला कळवलं, एकोणीस झाले, तू यायची तसदी घेऊ नकोस. तू जन्मभर पोरांचे पेपर तपासलेस. तुला शंका आलीच असणार, म्हणून तर पुन्हा विचारलंस.

आज ती म्हणाली, "काका, आता तुम्हाला माझी गरज नाही. हा आपला शेवटचा फोन." अगं, आंघोळीनंतर टॉवेल पिळताना मला खाली बसावं लागतं, आणि हिला वाटतं मी बरा झालो! लाज वाटली, पण भीती जास्त वाटली. "थांब गं जरा," म्हटलं आणि फोन खाली नेऊन खुर्चीचे पाय दाखवले.

तिने ठोकळे नीट बघितले. मग म्हणाली, "काम सुरेख आहे हो. आता काढा ते."

तिच्यासमोरच काढले. मध्ये दोनदा थांबावं लागलं. मग पुरता दम खाऊन पुन्हा मोजलं. अकरा.

ओरडली नाही. डॉक्टरांशी बोलते म्हणाली, फोनही आठवड्यातून दोनदा करणार आहे. मग विचारलं, "काका, घरी सोबत कोण असतं?" तुझी भावजय गेल्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. फोनमध्ये ते दिसत नाही ना.

मी म्हटलं, "माझी ताई येतेय."

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्याआधी तिला देऊन बसलोय. एकदा खोटं बोललो, ते मलाच उघडं करावं लागलं. हे दुसरं तेवढं खरं कर.

तुझा,
अकरा वेळा उठणारा
धाकटा