आईच्या जागा

बाबा, आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई मेंडोलिन वाजवतात. इथे आखातात, रीम आयलंडवर शेजार म्हणजे लिफ्टमधलं 'गुड मॉर्निंग', तेवढंच. पण मार्चमध्ये अजून खिडक्या उघड्या ठेवता येतात, तेव्हा ते वाजवणं पहिल्यांदा कानावर आलं आणि कणीक मळता मळता माझे हात थांबले. लेक म्हणाली, "आई, इट्स सो हॅपी!" खरंच, सूर नुसते पळत होते. मधेच मात्र तुटायचे, क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा नेमके तालावर सुरू.

दुसऱ्या दिवशी शिऱ्याचा डबा घेऊन मी त्यांची बेल वाजवली. बाई ब्राझीलच्या, इथल्या एका शाळेत संगीत शिकवतात, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. म्हणाल्या, "ह्याला शोरो म्हणतात. आमच्या भाषेत शोरो म्हणजे रडणं." मी म्हटलं, "पण ह्यावर तर पाय थिरकतात!" त्या हसल्या. "हो ना. आम्ही असंच रडतो, चालता चालता." मग मी त्या तुटण्याबद्दल विचारलं. "तिथे गिटार उत्तर देते. जाड तारांवरून, जिना उतरल्यासारखी खाली खाली येत. माझा नवरा वाजवायचा. तो गेला. त्याच्या जागा मी भरत नाही."

बाबा, मी तिथेच सोफ्यावर बसले. मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. कारखान्यातून येऊन तुम्ही पाटावर बसलाय, मेंडोलिन मांडीवर, तुमची ती उडती चाल चाललीय, आणि आई पोळ्या लाटता लाटता, तुमच्याकडे न बघता, बरोबर मधल्या जागी पोळपाटावर लाटण्याचे दोन ठोके देतेय. ती गेली, आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तेच वाजवायला बसलात. आत्या कळवळून म्हणाली, "अरे, निदान एखादं भजन तरी वाजव." तुम्ही नुसती मान हलवलीत आणि वाजवत राहिलात. मी अकरा वर्षांची, दारात उभी. मला वाटलं, ह्यांना काहीच वाटत नाही. मधे मधे थांबताहेत म्हणजे चालसुद्धा विसरलेत. तुम्ही विसरला नव्हतात, बाबा. तिथे आई होती.

आता शनिवारी संध्याकाळी मी बाईंकडे जाते. तुमची चाल त्यांना गुणगुणून दाखवली, तर त्यांनी ती लगेच उचलली, आणि कुठे थांबायचं हे मला सांगावं लागलं नाही. मला तेव्हा रडू आलं, पण छान वाटलं.

हा मेल ड्राफ्टमध्येच राहणार आहे, म्हणून एक सांगून टाकते. त्यांनी विचारलं, "तुझे बाबा अजून वाजवतात?" मी पटकन म्हणाले, "हो, रोज." त्या म्हणाल्या, "मग थंडीत इकडे बोलाव त्यांना, दोघं मिळून वाजवू." तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. त्या तुमची वाट बघताहेत, आणि कुणीतरी तुमची वाट बघतंय, हे मला आवडतंय.